हिरव्या पाण्याची चपटी

तोंडाला दारूचा वास नव्हता. म्हणूनच मी घाबरले.

गॅरेजच्या अंगणात, पांढऱ्या गाडीच्या चाकाला पाठ टेकून माझा नवरा बसला होता. पाय पसरलेले, डोळे लाल, आणि समोरून जाणाऱ्या कोंबड्यांना तो हात जोडून नमस्कार करत होता. बाजूला ओकारी पडलेली. पिऊन बसलेला नवरा मला नवा नव्हता. लग्नापासून बघत आले होते. मोहाची कुठली, देशी कुठली, सकाळची कुठली आणि आत्ताची कुठली, हे मी नाकानं सांगत असे. त्या दिवशी त्याच्या तोंडापाशी नाक नेलं, तर दारू नाहीच. गोडसर वास. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की नाकात शिरतो, तो.

त्याच्या मांडीजवळ चपटी पडली होती, पावशेर दारूची असते तसली. उचलून उन्हात धरली. तळाला हिरवा थेंब.

"हे कुठून काढलं?"

"सीटच्या मागून," नवरा हसत म्हणाला. "रफीक मोठा सोवळा बनते! पाह्य, फडक्यात गुंडाळून लपवली होती त्यानं. गोड हाय वं. विलायती असन."

विलायती नव्हती. गाडीचं कूलंट होतं.

माझ्या बगलेत चंद्रपूरहून एसटीनं आलेला नवा वॉटरपंप होता, खोक्यासकट. तो मी जमिनीवर ठेवला आणि ओरडून रफीकला हाक मारली.

आता वाचणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गॅरेज आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिना आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. पाटीवर नाव नवऱ्याचं, नामदेव मिस्त्री. त्याचा हात चांगला होता, पण दुपारनंतर थरथरायचा. आधी मी नट धुऊन देत असे, मग नट घट्ट करू लागले, मग गाडीखाली मीच जाऊ लागले. मी ढिवराची, मासे मारणाऱ्याची पोर, चौथीपर्यंत शिकलेली. लुगड्याचा काचा मारून मी गाडीखाली शिरले की नवे गिऱ्हाईक तोंड फिरवून उभे राहत. जुने गिऱ्हाईक वाकून विचारत, "बाई, किती वेळ लागन?" लोक मला मिस्त्रीनबाई म्हणत. नाव विचारायची कोणाला गरज पडली नाही.

पाण्याची गळती हे माझं खास काम. गाडीचं इंजिन तापतं, त्याच्याभोवती पाणी फिरतं. ते पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं आणि परत जातं. पाणी कमी झालं की इंजिन भाजून निघतं. शहाणे मालक त्या पाण्यात कूलंट घालतात. त्यानं पाणी लवकर उकळत नाही, आत गंज चढत नाही. रंग हिरवागार, चव गोड. आणि जहर आहे. आमच्या अंगणात सांडलेलं एका कुत्र्यानं चाटलं होतं. दोन दिवस झोकांड्या खाऊन ते मेलं. तेव्हापासून मी सांडलेल्या जागेवर माती टाकत असे.

लोक गळतीवर काय काय करत, ते सांगितलं तर खोटं वाटेल. एका ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. हळदीनं गळती थांबते हे खरं आहे. तिच्यासोबत पाण्याचं फिरणंही थांबतं, एवढंच. जंगलखात्याच्या एका जीपनं रस्त्यात पाणी संपवलं, जवळ नाला नव्हता, तेव्हा त्यातल्या दोघांनी डब्यातलं आंबील ओतलं. ती जीप माझ्याकडे आली, मी झाकण उघडलं आणि मला भूक लागली. जाळीतून भाताची शितं काढता काढता मी त्यांना विचारलं, "मीठ काऊन नाई टाकलं गा?" तर एक म्हणाला, "होतं ना जी, आधीच टाकलेलं."

रफीकभाऊ हा चंद्रपूरचा. एका बांबूच्या ठेकेदाराची पांढरी कार चालवायचा. माणूस पाच वेळा नमाज पढणारा, दारूच्या दुकानापुढून जाताना काच वर करणारा. त्याची तक्रार अशी की गाडीतलं कूलंट कमी होतं आणि खाली एक थेंब पडत नाही. ठेकेदाराला वाटे, रफीक कूलंट काढून विकतो.

"बाई, कसम से सांगतो, मी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून पाह्यला. सुखा ठण! मालक म्हणते, मग पाणी जाते कुठी? मी पेऊन राह्यलो का?"

हे वाक्य त्यानं चार दिवस आधी म्हटलं होतं. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो, नवरा सगळ्यांत जास्त.

माझा बाप डोंग्याची, म्हणजे होडीची गळती कशी शोधायचा, ते मला ठाऊक होतं. डोंगा उलटा करून उन्हात वाळवायचा आणि कुठली जागा शेवटपर्यंत ओली राहते ते बघायचं. मीही तेच केलं. इंजिन फडक्यानं कोरडं पुसलं. चुलीतली राख पातळ फडक्यात बांधली आणि सगळ्या जोडांवर, नळ्यांवर, पंपावर झटकली. इंजिन पांढरंफेक. मग गाडी चालू केली, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला आणि बसून राहिले. थंड असेपर्यंत काही नाही. गाडी चांगली तापल्यावर पंपाच्या खाली राखेत एक काळी रेघ उमटली. गळत होतं, पण तापलेल्या लोखंडावर गळत होतं. वाफ होऊन जात होतं, पंख्याचा वारा उरलंसुरलं उडवत होता. जमिनीपर्यंत थेंब येणार कुठून?

पंप खालून नीट पाहिला तर आणखी एक करामत दिसली. वॉटरपंपाला खाली एक बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं, म्हणजे मिस्त्रीला कळावं की सील गेलं. कुठल्यातरी हुशार माणसानं ते भोकच लांबीचा लगदा भरून बुजवलं होतं. त्याला वाटलं, इथून गळतं, तर इथं बंद करू. पाणी मग आत बेअरिंगमध्ये गेलं आणि दुसरीकडून वाट काढू लागलं. पंप कामातून गेला होता.

नवा पंप चंद्रपूरहून मागवला आणि त्या दिवशी सकाळी गाडीतलं सगळं कूलंट काढलं. रफीकभाऊला एक थेंब वाया घालवायचा नव्हता, मालकाला दाखवायचं होतं ना! डबा भरला आणि थोडं उरलं. त्यानं आमच्या भंगारातून एक रिकामी चपटी शोधली. आमच्याकडे त्या कमी नव्हत्या. धुऊन त्यात उरलेलं भरलं. मग त्याला लाज वाटली. मी एसटी स्टँडवर निघाले होते, तेव्हा तो मला म्हणाला, "कोणी पाह्यलं तर म्हणन, रफीक पेऊन गाडी चालवते." म्हणून त्यानं ती फडक्यात गुंडाळली आणि सीटमागे खोचली.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी लागलेली होती. ज्या गावात दारू बंद, तिथे कोणी चपटी लपवून ठेवली तर तिच्यात काय असेल, हे शेंबड्या पोरालाही विचारायला नको. डब्यातलं कूलंट उघड्यावर ठेवलं होतं, त्याच्याकडे नवऱ्यानं ढुंकून पाहिलं नाही.

रफीकनं आणि मी नवऱ्याला टायर वाहायच्या हातगाड्यावर टाकलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखाना बाजाराच्या पलीकडेच. नवरा गाड्यावरून लोकांना हात हलवत होता. लोक मला म्हणाले, "बाई, याले आज कुठून भेटली?" मी गाडा ढकलत राहिले.

डॉक्टर पोरगेलासा, पुण्याकडचा. मला काकू म्हणणारा तालुक्यातला तो एकटाच. मी चपटी त्याच्या टेबलावर ठेवली, काय आहे ते सांगितलं, कुत्र्याचंही सांगितलं. त्यानं पुस्तक काढलं, वाचलं, नागपूरला फोन लावला, बराच वेळ हूं हूं केलं. मग माझ्याकडे बघून ओशाळला.

"काकू, आत्ता ते बरे दिसतील. उद्या नाही दिसणार. हे विष हळूहळू मूत्रपिंडं बंद पाडतं. मूत्रपिंडाचं मशीन नागपूरला आहे. आपली ॲम्ब्युलन्स सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन गेली, ती कधी येईल सांगता येत नाही. आणि तोपर्यंत यांना जे औषध द्यायला हवं, ते..."

"ते कोनतं जी?"

"दारू. पोटात दारू असली की शरीर आधी तिच्यामागे लागतं, कूलंटचं विष होणं लांबतं. दवाखान्यातलं स्पिरिट चालणार नाही, त्यात दुसरं विष असतं. साधी प्यायची दारू लागेल. जरा जास्तच लागेल, नागपूरपर्यंत पुरायला हवी."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हा माणूस बारा महिने हेच औषध मांगत होता."

तो हसला नाही. "काकू, कुठून मिळेल?"

हा प्रश्न त्यानं मला विचारला! गावातली दारू बंद करणाऱ्या महिला मंडळात मी सगळ्यांत पुढे होते. हातात पान्हा घेऊन हिंडायचे, मडकी फोडायला बरा पडतो. त्या मोहिमेचा मला तेव्हाही पस्तावा नव्हता, आजही नाही. पण त्या घडीला गावात एक घोट उरला नव्हता, आणि तो उरला नव्हता तो आमच्यामुळे.

मी पोलीस चौकीत गेले. पकडलेली दारू तिथे होती, हे मला ठाऊक होतं, आम्हीच पकडून दिलेली. जमादारानं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"बाई, तो मुद्देमाल हाय. त्याच्यावर सील हाय, पंचाची सही हाय. साहेब गडचिरोलीले गेले. मी एक बाटली कमी केली तर माही नोकरी जाईन."

"आणि माहा नवरा जाईन त्याचं?"

"तुमीच तर मांगच्या महिन्यात इथी उभ्या राहून म्हणत होत्या, एक थेंब सुटला तर वरपर्यंत जाईन."

म्हटलं होतं, खरंच. मी मागे फिरले.

रफीकभाऊ म्हणाला, "बाई, नदीपल्याड चंद्रपूर जिल्ह्यात खुली भेटते. घेऊन येतो."

"कायनं जाशीन? गाडीत पंप नाई. आन् जाऊन परत येईपर्यंत?"

जवळची एकच जागा मला ठाऊक होती. जंगलातलं गोंडांचं गाव, तिथे मैनीबाई. त्या आठवड्यात त्यांच्या पेनाची पूजा होती. पेन म्हणजे त्यांचा देव. पूजेला मोहाची पहिली दारू लागतेच, आणि देवाला दिल्याशिवाय तिला कोणी तोंड लावत नाही. ती तिच्याकडे असणार. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिचा हंडा फोडला होता. फोडणारा पान्हा माझाच.

तिथे जायला आणि पुढे नागपूरला जायलाही गाडी पाहिजे. मी गॅरेजमध्ये परतले आणि पंप बसवायला घेतला.

एरवी हे काम मी निवांत करते. त्या दिवशी रफीकच्या हातात पान्हे दिले आणि मी मागेन तो द्यायला लावला. जुना पंप काढलेलाच होता. जागा खरवडून साफ केली. खोक्यात पंप होता, पण त्याच्या आणि इंजिनाच्या मधलं कागदी पॅकिंग नव्हतं, दुकानदार विसरला होता. मग त्याच खोक्याचा पुठ्ठा घेतला, इंजिनाच्या तोंडावर धरला आणि हातोडीनं कडेकडेनं हलके ठोकत गेले. लोखंडाची कड पुठ्ठा बरोब्बर कापते. भोकंही तशीच पाडली. दोन्हीकडून ग्रीस माखलं आणि बसवलं. नट घट्ट करताना रफीक म्हणाला, "बाई, जोर लावा." मी म्हटलं, "जोर लावला तर पुठ्ठा फाटते. तू तुह्या अल्लाचं नाव घे आन् पाणी भर." समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळायचे असतात, एकच आवळत गेलं की एक बाजू उचलते. त्या दिवशीही मी तसंच केलं.

कूलंट घातलं नाही. डबा रफीकनं पुढे केला होता, मी म्हटलं, "आज ते माह्या डोळ्यापुढे आणू नको." विहिरीचं साधं पाणी भरलं. गाडी चालू केली, तापू दिली, पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. निघालो.

मैनीबाई अंगणात सूप पाखडत होती. माझ्याहून मोठी, कपाळभर गोंदण. मला बघून तिचं सूप थांबलं नाही.

"आली का वं, फोडनारीन? पान्हा कुठी हाय?"

"गाडीत हाय. मैनीबाई, मले दारू पाह्यजे."

सूप थांबलं. तिनं मागे वळून घरात हाक मारली, गोंडीत काहीतरी म्हणाली, आणि दोन सुना दारात येऊन मला बघू लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला.

मी सगळं सांगितलं. नवऱ्यानं काय प्यायलं, डॉक्टर काय म्हणाला. लपवायला काही नव्हतं.

"गाडीचं पाणी पेला?" मैनीबाई म्हणाली. "तुमी दारू बंद केली तर लोक गाडीचं पाणी पेऊन राह्यले का?"

"एकच पेला. माहा."

"आन् आमची खराब होती म्हणे. मानसं मरतेत म्हणे तिच्यानं."

"मरतात. मी अजून तेच म्हणते. पण डॉक्टर म्हणते, आज तिच्यानंच जगन."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता हाकलते. हाकललं असतं तर चूक म्हटली नसती. मग ती उठली, आत गेली आणि लाकडाचं बूच लावलेला भोपळा घेऊन आली.

"हे पेनाची हाय. त्याच्या आधी मानसाले देता येत नाई."

"मंग?"

"मंग काय? आधी त्याले द्या लागते. बस खाली."

मी बसले. तिनं भोपळा माझ्या हातात दिला आणि जमिनीवर धार सोडायला लावली. तोंडानं ती देवांची नावं घेत होती, लांबलचक नावं, एकही गाळलं नाही. मला गाडी चालू असल्याचा आवाज येत होता. नावं संपली. मग ती म्हणाली, "घरची दारू जो नेते, तो आधी चाखते. नाई तर आमाले कसं समजन, का तुह्या मनात जहर नाई?"

मी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. थेंब जिभेवर घेतला. कडू, आणि जळत घशात गेला. एवढ्यासाठी माणसानं घरदार पणाला लावावं असं मला त्यात काहीच सापडलं नाही.

"कशी हाय?" मैनीबाईनं विचारलं.

"खराब हाय."

सगळ्या हसल्या. मैनीबाई सगळ्यांत जोरात. "घेऊन जाय. पेनासाठी दुसरी काढीन. आन् ती फोडाले येशीन तर पूजा झाल्यावर ये."

दवाखान्यात पोचलो तेव्हा नवऱ्याचं हसणं बंद झालं होतं. श्वास जोरात चालला होता. डॉक्टरनं भोपळा बघितला, वास घेतला, मान मागे केली आणि मापाच्या ग्लासात दारू ओतली. थोडं पाणी घातलं, मी पाजली. नवऱ्यानं डोळे उघडले. घोट गिळला. मग माझ्याकडे बघितलं, ग्लास माझ्याच हातात होता.

"तू?" तो म्हणाला. "मी मेलो का?"

ॲम्ब्युलन्स आली नव्हती. डॉक्टरनं एक सिस्टर सोबत दिली, किती वेळानं किती पाजायची ते तिला समजावलं, आणि आम्ही त्याच गाडीनं निघालो. पुढे रफीक, मागे सिस्टर, सलाईनची बाटली, माझ्या मांडीवर नवरा आणि पायाशी मैनीबाईचा भोपळा. माझे डोळे मात्र सगळा वेळ रफीकच्या खांद्यावरून पुढच्या, इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या सुईवर. खोक्याचा पुठ्ठा फाटला असता तर सगळं रस्त्यातच संपलं असतं. सुई अर्ध्यावर होती, तिथेच राहिली.

नदीच्या पुलाअलीकडे दारूबंदीचा नाका होता. शिपायानं काठी आडवी केली, काचेतून नाक आत घातलं आणि त्याचे डोळे चमकले.

"उतरा. लई वास येऊन राह्यला."

"येईनच," मी म्हटलं. "पाजूनच राह्यली."

त्यानं मला ओळखलं. मोर्चात मी त्याच्याच साहेबापुढे भाषण ठोकलं होतं. "मिस्त्रीनबाई? तुमी? तुमीच?"

"मीच. काठी वर कर, त्याचा घोट चुकते."

सिस्टरनं त्याला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. त्यानं ती उलटी धरून वाचली, मग सरळ धरली. काठी वर झाली. मागून त्याचा आवाज आला, दुसऱ्या शिपायाला सांगत होता, "आता कोनाकोनाले पकडाचं गा?"

नागपूरला मोठ्या दवाखान्यात नवऱ्याला मशीनवर घातलं. त्याची लघवी बंद पडली होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं विचारलं, वाटेत काय दिलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ते दिलं नसतं तर तुम्ही याला इथपर्यंत आणलं नसतं. मी म्हटलं, पंप बसवला नसता तरी आणलं नसतं. त्याला ते काही कळलं नाही. बरेच दिवस मशीन चाललं, मग एका सकाळी सिस्टरनं येऊन सांगितलं की मूत्रपिंडं चालू झाली. मी तेव्हा दवाखान्याच्या आवारात एकाच्या स्कूटरचा प्लग साफ करत होते. ऐकलं आणि आधी प्लग बसवला.

रफीकभाऊला त्या ठेकेदारानं काढलं. न विचारता गाडी नागपूरला नेली म्हणून. त्यानं पुढे स्वतःची टॅक्सी घेतली, आणि तिचं पाणी तो माझ्याशिवाय कोणाला बघू देत नसे. मी मैनीबाईच्या पूजेनंतर हंडा फोडायला गेले नाही. तिच्या गावातल्या बायांनी पुढे स्वतःच ठरवून विकायची दारू बंद केली, देवापुरती ठेवली. त्यात मला कोणी बोलावलं नव्हतं आणि माझी गरजही नव्हती.

नवऱ्याला डॉक्टरनं सांगितलं होतं, आता एक थेंब नाही. बरीच वर्षं त्यानं ऐकलं. मग एका लग्नात प्यायला. मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. त्यानंतर प्यायला की नाही, मला ठाऊक नाही. माझं नाक आता काम करत नाही.

तो ठेकेदार गेला. मैनीबाई गेली. तो जमादार गेला. रफीकभाऊ मागच्या हिवाळ्यात गेला. नामदेव मिस्त्री अजून आहे.